जोखीम एकाची, भुर्दंड सर्वांचा

वाशिष्ठीच्या मुखाशी एका तीरावर दाभोळ, तर दुसऱ्या तीरावर अंजनवेलचा वीज प्रकल्प. गुहागर तालुक्यातील या प्रकल्पाला नाव मिळाले ते मात्र दाभोळचे. आणि त्या नावाला कायमची चिकटली एन्रॉन.

ही कंपनी 1992 मध्ये कोकणात आली. त्याआधी 5 वर्षे न्यूयॉर्कजवळील वल्हाला येथे तिचे तेलाचे सटोडिये मर्यादेबाहेरचे सौदे करून ते खोट्या नोंदींखाली दडवीत होते. गुप्त खात्याची खबर बँकेकडूनच आली होती. तरीही, नफा मिळवून देणारी माणसे म्हणून वरिष्ठांनी त्यांना पाठीशी घातले. त्याच वर्षी साडेआठ कोटी डॉलरचा तोटा जाहीर करावा लागला.

बँकांची कहाणी वेगळी नाही. 233 वर्षांची बेअरिंग्ज बँक 1995 मध्ये सिंगापूरमधील एका कर्मचाऱ्याच्या अनधिकृत सौद्यांनी बुडाली. सौदे करणारा आणि त्यांचा हिशेब ठेवणारा एकच होता. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतून मुख्य संगणकीय नोंद टाळून हमीपत्रे दिली जात होती, हे 2018 मध्ये उघड झाले.

दाभोळ प्रकरणात तर सह्या अधिकृतच होत्या! प्रकल्प परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने 1993 मध्ये कळविले होते. तरीही, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देण्याचे बंधन वीज मंडळाने पत्करले. युती सरकारने 1995 मध्ये करार रद्द केला व पुढे बदललेल्या अटींवर तोच स्वीकारला. केंद्रातील 13 दिवसांच्या सरकारनेही 1996 मध्ये प्रतिहमीवर मोहोर उमटविली. आपल्या माणसांचा हा वाटा आपण नाकारू नये.

मे 2001 मध्ये प्रकल्प थांबला. डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी पत्करली. स्टेट बँक, आयडीबीआय, आयसीआयसीआय यांची कर्जे मात्र येथेच अडकली. 2005 मध्ये एनटीपीसी, गेल व याच वित्तसंस्थांना नवी कंपनी काढून प्रकल्प सावरावा लागला.

नियम मोडून घेतलेली जोखीम घातक असतेच. पण प्रश्न न विचारता मान्य केलेली जोखीमही तितकीच घातक ठरते. लेखापरीक्षक, संचालक, लोकप्रतिनिधी यांनी तो प्रश्न नफ्याच्या दिवसांतच विचारला पाहिजे. आपल्या गावच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशाला टाळी वाजविण्यापूर्वी सभासदाने तो विचारला, तर राष्ट्राच्या धनाचे रक्षण तेथूनच सुरू होईल.