घरप्रपंच : फोटोचा प्रिंटर घरी घ्यावा का?

परवा एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, “सोयाबीनचे पैसे हातात आलेत. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला आहे. शाळेचे कागद, पासपोर्ट फोटो, आधारची झेरॉक्स, काही ना काही कामासाठी सारखं तालुक्याला पळावं लागतं. मुलं म्हणतात, छापणारा, झेरॉक्स काढणारा आणि फोटोही काढून देणारा प्रिंटर घरीच घेऊ. मालक म्हणतात, त्या पैशांत फवारणीचा पंप येईल. सासूबाईंचं निराळंच. मामंजींचा एकच फोटो भिंतीवर आहे आणि त्याला ओल लागली आहे. तेवढा नवा करून मिळत असेल तर घ्या म्हणतात. आता ताई, तुम्हीच सांगा, काय करू?”

तिघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून आजचं पान याच विषयाला दिलं आहे. दिवाळीपुढे दोन पैसे हाती येतात तेव्हा हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो.

हे यंत्र करतं काय?

एकाच पेटीत तीन कामं असतात. खाली छापायचं यंत्र. वर झाकण उचललं की काच. तिच्यावर कागद पालथा ठेवला की त्याचं चित्र संगणकात किंवा मोबाईलमध्ये उतरतं, त्याला स्कॅन म्हणतात. आणि स्कॅन करून लगेच छापलं की झाली झेरॉक्स.

फोटो छापणाऱ्या यंत्रात शाई असते. शाईच्या डोक्याला केसाहून बारीक अशी शेकडो भोकं असतात आणि त्यांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. ही युक्ती सापडल्याची गोष्ट गमतीची आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत डाग द्यायची तापलेली इस्त्री चुकून शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेनं शाई उडवता येते हे त्यावरून ध्यानात आलं. काही कंपन्या उष्णतेऐवजी विजेनं हलणाऱ्या पातळ चकतीनं शाई ढकलतात. पण बारीक भोकं दोन्हींत आहेतच. ही भोकं लक्षात ठेवा. शाईच्या प्रिंटरचं सगळं सुखदुःख त्यांच्यात आहे.

तीन जाती

पहिली जात कार्ट्रिजची. यंत्र स्वस्त, तीन-चार हजारांपासून मिळतं. पण शाईची डबी लहान, शेदोनशे पानांत संपते आणि नवी डबी महाग.

दुसरी जात टाकीची. यंत्र दहा-बारा हजारांच्या पुढे. पण बाजूला शाईच्या टाक्या असतात, त्यांत बाटलीनं शाई ओतायची. एका काळ्या बाटलीत काही हजार पानं निघतात.

तिसरी जात लेझरची. यात शाई नसते, पूड असते. महिनोन्‌महिने बंद ठेवला तरी वाळायचं काही नसतं. अक्षर स्वच्छ येतं. पण घरगुती लेझर बहुधा काळा-पांढराच असतो आणि फोटो त्याच्यावर काढू नये. शिवाय तो चालताना शेकडो वॉट वीज ओढतो, लहान इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. शाईचा प्रिंटर छापताना दहा-वीस वॉटांत भागवतो. जिथे लाईटीचा भरवसा नाही तिथे ही गोष्ट मोठी आहे.

हिशेब असा करा

दुकानदार यंत्राची किंमत सांगतो. तुम्ही शाईची विचारा. म्हैस घेताना नुसती म्हशीची किंमत बघत नाही, पेंडीचा खर्चही बघतो, तसंच हे. डबीवर किंवा बाटलीवर किती पानं निघतात ते छापलेलं असतं. किंमतीला त्या आकड्यानं भागा. समजा डबी ९०० रुपयांची आणि पानं १८०, तर एका पानाला शाईचेच ५ रुपये. बाटली ४०० रुपयांची आणि पानं ४,०००, तर पानाला १० पैसे. मात्र तो आकडा थोडं थोडं लिहिलेल्या साध्या पानांचा असतो. फोटोत सगळा कागद शाईनं भरतो, त्यामुळे फोटो त्याच्या मानानं फारच कमी निघतात.

आता घरचा हिशेब. समजा महिन्याला ५० पानं लागतात आणि दुकानात पानाला ३ रुपये पडतात, म्हणजे १५० रुपये. तालुक्याच्या तीन खेपा, खेपेला ६० रुपये भाडं, म्हणजे १८०. महिन्याचे ३३०, वर्षाचे ३,९६० झाले. बारा हजारांचं यंत्र साधारण तीन वर्षांत फिटतं. शाई-कागद धरून थोडं पुढे. पण महिन्याला १० पानं आणि एकच खेप असेल, तर वर्षाचे होतात १,०८०. मग तेच यंत्र फिटायला अकरा वर्षं लागतील, आणि तोवर ते टिकणार नाही.

एवढंच नाही. कमी वापराच्या घरात ती बारीक भोकं वाळून बुजतात. मग यंत्रातली सफाई चालवावी लागते आणि सफाईत शाईच खर्च होते. वाया गेलेली शाई आत एका बोळ्यात मुरते. तो भरला की यंत्र काम थांबवतं आणि दुरुस्तीला न्यावं लागतं. म्हणजे न वापरताही पैसे जातातच. सुगीत दोन-अडीच महिने कोणी बघणार नसेल, तर असं यंत्र घेऊ नये.

मग मधला मार्ग काय? चार घरांनी किंवा बचत गटानं मिळून एक टाकीचं यंत्र घ्यावं. पानामागे ठराविक पैसे डब्यात टाकावेत, त्यातून शाई-कागद आणावा. सगळ्यांचं काम होतं आणि यंत्र चालतं राहतं. चालतं राहिलं तरच ते नीट राहतं.

दुकानात पाच गोष्टी विचारा

१. दुरुस्ती तालुक्याला होते की जिल्ह्याला? वॉरंटी किती वर्षांची आणि किती पानांची?
२. या यंत्राची शाई जवळच्या बाजारात कायम मिळते का? स्वस्त म्हणून भलतीच शाई ओतू नये.
३. चार बाय सहा इंची फोटो कडेला पांढरी पट्टी न सोडता छापतो का? आपला एक फोटो मोबाईलमध्ये न्या आणि समोर छापून घ्या.
४. मोबाईलवरून तारेवाचून छापता येतं का? घरी संगणक नसेल तर हे लागतंच.
५. काळी शाई पाण्यानं फुटते का? काही यंत्रांत काळी शाई पाण्याला टिकते, काहींत ओल्या बोटानंही अक्षर पसरतं. छापलेल्या कागदावर पाण्याचा थेंब टाकून तिथेच बघा.

आणि एक. टाकीत शाई दुकानात भरून घेऊ नका, घरी आणल्यावर भरा. भरलेलं यंत्र मोटारसायकलवर आडवं झालं तर शाई सांडते आणि नुकसान होतं. पहिल्या भरणीत नळ्या भरायलाच बरीच शाई लागते. टाकी लगेच उतरलेली दिसली तर घाबरू नये.

घरी आणल्यावर

आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान छापा. मुलाला शनिवारचं काम नेमून द्या. बंद करताना यंत्राचंच बटण दाबा, भिंतीवरचं नाही. बटणानं बंद केलं की शाईचं डोकं आपल्या जागी जाऊन झाकलं जातं आणि वाळत नाही. छापता छापता लाईट गेली, तर आल्यावर यंत्र चालू करून पुन्हा बटणानं बंद करा.

चुलीचा धूर, पिठाची धूळ आणि खिडकीचं ऊन यांपासून यंत्र लांब ठेवा. काम झाल्यावर जुन्या साडीचं झाकण घाला. फोटोचा कागद पावसाळ्यात ओल धरतो आणि वळतो. तो त्याच्याच पाकिटात, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत ठेवा. या कागदाची एकच बाजू छपाईची असते, चकचकीत असते ती. छापताना यंत्राला कागदाची जात नीट सांगा. साधा कागद म्हणून फोटोचा कागद घातला की रंग फिका येतो आणि दोष शाईला लागतो.

पासपोर्ट फोटोचं नेहमीचं माप ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच. चार बाय सहाच्या एका कागदावर असे आठ बसतात. पांढऱ्या भिंतीसमोर, अंगणाच्या उजेडात फोटो काढा. छापल्यावर पट्टीनं मोजा. यंत्रानं “कागदात बसवा” म्हणून माप बदललं असेल तर अर्ज परत येतो. अर्जावर वेगळं माप लिहिलं असेल तर तेच धरा. सगळीकडे एकच चालत नाही.

घरच्या झेरॉक्सचा आणखी एक फायदा आहे. आधार आणि पासबुकाची जादा निघालेली प्रत परक्या ठिकाणी पडून राहत नाही.

आता मामंजींचा फोटो

इथे मला माझी चूक सांगायला हवी. आमच्या घरी आईचा एकच फोटो होता, जत्रेत काढलेला. एका पावसाळ्यात तो काचेला चिकटला. नीट करावा म्हणून मी चौकट उघडली आणि सुरीच्या टोकानं कडेकडेनं सोडवू लागले. फोटो निघाला, पण चेहऱ्याचा थर काचेवरच राहिला. हातात आला तो पांढरा कागद. आज आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आहे, पण माझ्या नातवंडांना दाखवायला काही नाही.

म्हणून सांगते, चिकटलेला फोटो ओढू नका, भिजवू नका, वाफ देऊ नका. चौकट तशीच खाली उतरवा. काच वरून कोरड्या फडक्यानं पुसा. अशी चौकट स्कॅनरवर ठेवून उपयोग नाही. घरगुती यंत्राचा स्कॅनर त्याच्या काचेला टेकलेलंच नीट बघतो, मधे दुसरी काच आली की चित्र पुसट येतं. त्यापेक्षा ओसरीच्या सावलीत, भरपूर उजेडात चौकट ठेवा. मोबाईल बरोबर समोर धरा, फ्लॅश बंद ठेवा. काचेत आपलंच प्रतिबिंब दिसत असेल तर फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे दोघांनी काळं घोंगडं धरावं. पाच-सहा फोटो काढा आणि मोठे करून डोळे, कपाळ, ओठ स्पष्ट आलेत का बघा.

फोटो चिकटलेला नसेल आणि सहज सुटत असेल तर मात्र स्कॅनच चांगला. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, ओला हात लावू नका. स्कॅन करताना आकडा विचारला जातो, त्याला डीपीआय म्हणतात. साध्या कागदाला ३०० पुरे. जुना फोटो दुप्पट मोठा करायचा असेल तर ६००, पासपोर्टएवढा चिमुकला असेल तर १२००.

काढलेलं चित्र एकाच मोबाईलमध्ये ठेवू नका. एक पेन ड्राईव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना नुसता फोटो म्हणून पाठवला तर बारकावे कमी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नवा फोटो भिंतीवर लावताना काचेला टेकू देऊ नका, कडेनं जाड पुठ्ठ्याची चौकट घाला. ओलीची भिंत आणि थेट ऊन टाळा. जुना मूळ फोटो टाकून देऊ नका.

तेव्हा ताई, पंप आणि प्रिंटर यांचं भांडण आज मिटवायची गरज नाही. एक वही करा. दोन महिने तालुक्याला काढलेलं प्रत्येक पान आणि प्रत्येक खेप तीत लिहा, मुलीला लिहायला सांगा. महिन्याला चाळीस-पन्नास पानं भरली तर टाकीचं यंत्र घ्या. नाही भरली तर गटात विषय काढा, आणि पंप खुशाल आणा. मालकांनाही वहीतला आकडा पटेल.

मामंजींच्या फोटोला मात्र वहीची वाट बघायला लावू नका. त्याला प्रिंटर लागत नाही, पैसेही लागत नाहीत. उद्या सकाळी सासूबाईंना शेजारी बसवा आणि आधी तेवढं काम करा. छापायचं मग सवडीनं, तालुक्याच्या दुकानातही छापून मिळेल.

कसा आला फोटो, ते जरूर कळवा.