जळालेली चिप

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात रात्री दहा वाजता बंदूक चालू लागे. आधी घोडा ओढल्याचा खटका, मग पंखांची फडफड आणि शेवटी कुणीतरी खी खी करून हसल्याचा आवाज. स्वयंपाकघरात सौभाग्यवती चकलीच्या भाजणीशी झटत असत आणि मधल्या खोलीला आतून कडी असे. आत आमचे चिरंजीव सुहास. वय चाळिशीपुढचे, नोकरी बँकेत अधिकाऱ्याची, डोक्यावरचे केस निवृत्तीच्या वाटेवर.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"अहो, बदकं मारतोय," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या. "व्हिडिओ करायचाय ना त्याला."

वाचकहो, माणसाला छंद असावा ह्या मताचा मी आहे. कुणी गुलाब लावतो, कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो. आमचा सुहास गेली चार वर्षे जुन्या व्हिडिओ गेमांवर दहा-दहा मिनिटांचे मराठी व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकतो. एका व्हिडिओला तीन आठवडे लागतात. खेळ पुन्हा खेळायचा, त्याचे चित्रण करायचे, निवेदन लिहायचे, आवाज द्यायचा, सगळे कापून जोडायचे. पाहणारी माणसे चार-पाचशे. प्राप्ती शून्य. एकदा मी त्याला वेळेचा आणि विजेचा हिशेब मांडून दाखवला, तर म्हणाला, "बाबा, तुम्ही चाळीस वर्षं शब्दकोडी सोडवताय. त्याचे किती मिळाले?" मी वही मिटली.

यंदाचा विषय होता आमच्याच घरातला गेम. १९९३ च्या दिवाळीत मी बोनसच्या पैशांतून तो आणला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळण्याचे यंत्र काढले. त्याच्या नकला पुढे तैवानात आणि चीनमध्ये बनू लागल्या आणि निरनिराळ्या नावांनी आपल्याकडे आल्या. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आली ती त्यांतलीच एक. कॅसेटवर लिहिलेले '९९९९ इन १'; प्रत्यक्षात खेळ पंधरा-वीस, तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून. लग्नाच्या पंगतीत एकच माणूस दोन पानांवर बसावा तसे. पण त्या कॅसेटपायी आमच्या दारात रविवारी चौदा-चौदा चपलांचे जोड असत. खेळायला हाती धरायची यंत्रे दोनच, म्हणून प्रत्येकाला एकेक 'लाइफ'. ती संपली की मुकाट्याने रांगेच्या शेवटी. शाळेत जी शिस्त मास्तरांना लावता आली नाही, ती त्या यंत्राने लावली होती.

कॅसेट चालली नाही की पोरे तिच्यात फुंकर मारत. सुहास सांगतो, फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा बसवली की आतल्या धातूच्या पट्ट्या नीट टेकत, म्हणून खेळ चाले. उलट फुंकरीतल्या ओलाव्याने त्या गंजायच्या. 'सुपर मारिओ' हा १९८५ चा खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसवला होता. आज मोबाइलवर काढलेला नातवाचा एक फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ह्यांचे चित्र एकच ठेवलेले; वर पांढरे, खाली हिरवे. हे ऐकून सौभाग्यवती एकदम खूश झाल्या. "म्हणजे माझ्या जुन्या साडीचे पडदे आणि उरलेल्या तुकड्याचे अभ्रे!" त्या म्हणाल्या. जपानी माणसाबद्दल त्यांचे मत तेव्हापासून फार चांगले झाले आहे.

आता त्या बदकांविषयी. बदके मारण्याच्या खेळाला बंदूक लागते आणि ती नव्या चपट्या टीव्हीवर चालत नाही. कारण मोठे गमतीचे आहे. बंदुकीतून काहीच सुटत नाही; उलट ती पाहते. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि जिथे बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो. डोळ्याला तो पांढरा दिसला तर नेम लागला. हा सगळा मामला डोळ्याचे पाते लवायच्या आत होतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र तत्काळ उमटे. नवा टीव्ही ते उमटवायला किंचित वेळ घेतो, आणि तेवढ्यात बंदूक 'चुकला' असा निकाल देऊन मोकळी होते. म्हणून सुहासने कल्याणहून एक जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही आणला. तो तीन जिने चढवताना दोन हमाल आणि एक शेजारी कामास आले.

एवढा खटाटोप कशासाठी? मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की, अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकतच मिळत नाहीत. "खेळ तरी कुणी ना कुणी जपून ठेवतं," तो म्हणाला, "पण ते कुठल्या खोलीत, कुणाच्या शेजारी बसून खेळलो, हे कोण ठेवणार? आपल्या यंत्रात तर काहीच जतन होत नव्हतं. लाइट गेले की सगळं पहिल्यापासून."

आणि ह्या बाबतीत पठ्ठ्या फार काटेकोर. 'कॉन्ट्रा' १९८७ चा की १९८८ चा, ह्यासाठी दोन रात्री जागला. मग छडा लागला: नाण्यांवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रावर १९८७, घरच्या यंत्रावर १९८८. खात्री नसलेले एक वाक्य तो बोलत नाही.

एका रात्री मी पाण्यासाठी उठलो. दाराआडून त्याचे निवेदन ऐकू आले.

"…आणि १९९६ च्या दिवाळीनंतर एक दिवस आमचा गेम चालेना. बाबा तो घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. तीन दुकानं फिरले. चिप जळाली होती. संध्याकाळी बाबा रिकाम्या हातांनी परत आले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो."

मी पाणी न पिताच परत आलो.

वाचकहो, चिप जळाली नव्हती. सुहासची दहावी मार्चमध्ये होती आणि सहामाहीत बीजगणिताने त्याला दगा दिला होता. एका रात्री मी अ‍ॅडॅप्टर उघडून आतली एक वायर सोडवली. दुसऱ्या दिवशी यंत्र पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला नेले आणि पहिल्याच दुकानात अडीचशे रुपयांना विकले. त्या पैशांचे अपेक्षित प्रश्नसंच घेतले आणि घरी येऊन तीन दुकानांची कथा सांगितली. माझा चेहरा उतरलेला होता हे खरे. पण त्याचे कारण वेगळे होते. पोराने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे बाबा, जुनाच झाला होता." ते वाक्य पाव शतकाहून अधिक काळ मी कुणाला सांगितलेले नाही.

सकाळी चहाच्या वेळी सौभाग्यवतींना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. प्रश्नसंचांना पैसे कुठून आले, एवढं मी विचारलं नव्हतं."

"मग आता सांगायचं का? कुणाचं काय बिघडतंय?"

खरे सांगायचे तर मला ती गोष्ट आवडू लागली होती. मुलासाठी तीन दुकाने हिंडणारा बाप चार-पाचशे लोकांना दिसणार होता. मी तसा नव्हतो, पण असतो तर बरे झाले असते. जुन्या आठवणींचा हाच धोका आहे. त्या आपल्याला आपल्याहून बरा माणूस करून देतात, आणि आपण नको म्हणत नाही.

"अहो," सौभाग्यवती म्हणाल्या, "एका सालासाठी दोन रात्री जागतो तो. आणि तुमच्या शब्दाची एकदाही खात्री करून घेतली नाही त्याने."

ह्यावर मला उत्तर नव्हते. त्या रात्री मी कडी वाजवली, आत गेलो आणि सांगून टाकले. सुहासने कानांवरचे यंत्र काढून ठेवले. बराच वेळ तो त्या काळ्या पडद्याकडे पाहत होता.

"किती आले?" त्याने विचारले.

"अडीचशे."

"आणि तीन दुकानं?"

"एकच."

"झोपा आता," तो म्हणाला. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. सूनबाईंनी कारण विचारले नाही. नातवाने विचारले, त्याला करंजी देऊन गप्प करण्यात आले. मीही समजूत घालायला गेलो नाही. तेवढे दोन दिवस त्याचे येणेच होते माझ्याकडे.

तिसऱ्या रात्री दार उघडे होते. "बाबा, या," त्याने हाक मारली. टेबलावर माईक. "ते तीन दुकानांचं मी काढून टाकलंय. तिथे तुम्ही सांगा. जसं मला सांगितलंत तसंच. वायरसकट."

मी सांगितले. दोनदा घसा खाकरावा लागला. तो त्याने कापला नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवण्याचा प्रसंग आला तेव्हा मी थांबलो, तर त्याने खुणेनेच सांगितले, पुढे बोला.

संपल्यावर त्याने ती बंदूक माझ्या हाती दिली. तीन वर्षे घरात असूनही मी ती कधी धरली नव्हती. दोन बदके उडाली. मी नेम धरला, घोडा ओढला, पुन्हा ओढला. दोन्ही बदके सुखरूप निघून गेली. गवतातून कुत्रा वर आला आणि माझ्याकडे पाहून खी खी करून हसला.

हसू दे. त्यालाही फार वर्षे थांबावे लागले होते.