अंतराळवीर तरंगतो, पण गुरुत्वाकर्षण तेथेही असते

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचले, तेव्हा त्यांच्या तरंगण्याचे कारण अनेक बातम्यांनी ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ असे दिले. हे कारण चुकीचे आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्व त्वरण भूपृष्ठावरील मूल्याच्या जवळपास ८९ टक्के असते. ते नसते, तर न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार स्थानक सरळ रेषेत निघून गेले असते. स्थानक आणि अंतराळवीर दोघेही पृथ्वीकडे एकाच त्वरणाने पडत असतात. सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगामुळे ते जमिनीवर आदळत नाहीत, इतकेच. म्हणून स्थानकाचा पृष्ठभाग पायांना रेटत नाही. माणसाला वजन जाणवते, ते या रेट्यामुळेच.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र वापरून उदाहरणे बिनचूक सोडवणारा दहावीचा विद्यार्थीही ‘तरंगणाऱ्या अंतराळवीरावर कोणते बल असते?’ या प्रश्नाला ‘कोणतेच नाही’ असे उत्तर देतो. दोष त्याचा नाही. परीक्षेत आकडेमोडीला गुण मिळतात. वस्तूवरील बले आकृतीत दाखवण्याला क्वचितच. गगनयानाची तयारी करणाऱ्या देशातील प्रश्नपत्रिकेने सूत्राआधी एवढे तरी विचारावे: बल कोण लावते, आणि कोणावर?