सरावाच्या वह्या उघडा!

कच्चे काम दाखविल्याने कलेची अप्रतिष्ठा होते, असे म्हणणारे कलावंत आम्हांस जरीपटक्यातही भेटतात. आम्हांस हे मान्य नाही. १५६४ साली निधनापूर्वी मायकेलअँजेलोने आपली कित्येक रेखाटने जाळली. आपले कष्ट कुणास दिसू नयेत म्हणून, असे चरित्रकार वासारी सांगतो. तरीही वाचलेल्या एका कागदावर, सिस्टाइन छतावरील लिबियन सिबिलच्या डाव्या पायाची बोटे त्याने पुनःपुन्हा गिरविलेली दिसतात. नवशिक्याला याहून मोठा धीर कोणता? आपल्याकडे घराण्यांनी जपून, झाकून ठेवलेल्या चिजा पंडित भातखंडे यांनी स्वरलिपीसह छापल्या. त्याने संगीत उणे झाले काय? पूर्णत्वाचा देखावा केवळ अहंकाराचे लाड पुरवितो. कलावंतांनो, शेजारच्या मुलाला तुमची खाडाखोडही पाहू द्या.