जागा रिकामी आहे, पण दिसत नाही

खासगी क्षेत्रातील भरतीचा प्रश्न काढला की उत्तर ठरलेले असते. आमच्या वेबसाइटवर 'करिअर' नावाचे पान आहे, ते जगाला खुले आहे, आम्ही कुणाला जात विचारत नाही. या उत्तराचीच आज चिरफाड करायची आहे. कारण 'खुले' आणि 'पोहोचता येण्याजोगे' यातला फरक आंबेडकरी चळवळीला कुणी शिकवायला नको. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केले. कागदावर सगळे खुले होते. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले.

आता नोकरीच्या तळ्याकडे पाहू. ज्याच्या घरात कुणीच कंपनीत नाही, तो मुलगा नोकरी कशी शोधतो? मोबाइलवर गुगल उघडतो आणि 'पुण्यात डिप्लोमा नोकरी' असे काहीतरी टाइप करतो. कंपनीचे नावच त्याला माहीत नसते, मग तिचे करिअरचे पान तो उघडणार कसा? गुगलने नोकऱ्या वेगळ्या दाखवण्याची सोय भारतात २०१८ साली सुरू केली. त्यात जागा दिसावी म्हणून कंपनीला फार काही करावे लागत नाही. प्रत्येक जागेला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र पत्ता हवा. त्या पानाच्या कोडमध्ये 'जॉबपोस्टिंग' नावाची ठरावीक रचना हवी. तिच्यात पदाचे नाव, कामाचे वर्णन, जाहिरातीची तारीख, कंपनीचे नाव आणि कामाचे ठिकाण भरायचे. पगार आणि शेवटची तारीखही देता येते. त्या पानांची यादी साइटमॅपमध्ये द्यायची आणि जागा भरली की पान काढायचे. ही रचना वापरायला गुगल पैसे घेत नाही.

मग जागा दिसत का नाहीत? कुठे जाहिरात चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात टांगलेली असते. कुठे आधी लॉगिन करा, मग जागा बघा. कुठे सगळ्या जागा एकाच पानावर, शोधखिडकीत नाव टाकल्याशिवाय न उमटणाऱ्या. कुठे तर 'रोबोट्स' फाइलमध्ये किंवा 'नोइंडेक्स' या एका शब्दाने सर्च इंजिनला दारातच अडवलेले असते. प्रत्येक वेळी यामागे जातीय हेतू असतो असे मी म्हणत नाही. बऱ्याचदा तो निव्वळ आळस असतो. पण आळसाचा फायदा कुणाला होतो, हे समाजशास्त्राने विचारलेच पाहिजे. जागा न दिसल्याने ती रिकामी राहत नाही. ती ओळखीने भरते. कर्मचाऱ्याने माणूस सुचवला की बक्षीस देण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आहे. सुचवणारा कुणाला सुचवणार? भावाला, मित्राला, आपल्या सोसायटीतल्या मुलाला. ज्या कार्यालयात आपला माणूस आधीच नाही, तिथे आपल्या वस्तीपर्यंत निरोप येतच नाही. आणि त्या पोकळीत 'नोकरी लावून देतो' म्हणणारा दलाल उभा राहतो.

यावर एक आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. जागा दिसली तरी आडनाव पाहून अर्ज बाजूला टाकतीलच ना? खरे आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास हेच सांगतो. समान पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले गेले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. पण हा अभ्यास शक्य कशामुळे झाला? त्या जागांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत छापून आल्या होत्या म्हणून. जी जागा कुणाला दिसलीच नाही, तिथला भेदभाव सिद्ध कसा करणार?

दुसरा आक्षेप असा, की आपली मागणी खासगी क्षेत्रात आरक्षणाची आहे, हे वेबसाइटचे किरकोळ प्रकरण कशाला? मित्रांनो, सरकारी नोकरीत बिंदुनामावली कशावर चालते? पद मोजले जाते, जाहीर होते, म्हणून अनुशेष मोजता येतो आणि न्यायालयात जाता येते. खासगी क्षेत्रात उद्या आरक्षण आले आणि पदेच अदृश्य असली, तर टक्केवारी कशाची काढणार?

कंपन्या म्हणतील, जाहिरात सर्वत्र दिसली तर अर्जांचा पूर येईल. येऊ द्या. पात्रतेच्या अटी स्पष्ट लिहा आणि त्यावर चाळणी लावा. मेरिटचे गोडवे गाणाऱ्यांना जास्त उमेदवारांची भीती का वाटावी?

कायद्यालाही हे तत्त्व नवे नाही. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. काही पदे त्यातून वगळली आणि त्या कार्यालयामार्फतच भरती करा अशी सक्ती ठेवली नाही. दंड काहीशे रुपयांचा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हाच विषय सामावला आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मलकापटनम प्रकरणात सरकारी भरतीबाबत सांगितले, की केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवून भागणार नाही, वर्तमानपत्रे, सूचना फलक, रेडिओ, दूरदर्शन यांतूनही जागा जाहीर करा. आजचा सूचना फलक सर्च इंजिन आहे.

म्हणून मागणी नेमकी ठेवू. जी कंपनी एमआयडीसीची जमीन किंवा शासनाचे प्रोत्साहन घेते, तिच्यावर अट घाला: प्रत्येक रिक्त जागा स्वतंत्र पानावर, सर्च इंजिनला वाचता येईल अशी, पगार आणि शेवटच्या तारखेसह जाहीर करा, आणि भरल्यावर किती अर्ज आले व किती जणांना बोलावले तेही सांगा. जनतेची जमीन घेताना लाज वाटत नाही, तर जनतेला जागा दाखवताना कसली अडचण?

आणि आपणही कामाला लागू. गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट', त्याला जोडून कोलन आणि कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. एखाद्या जाहीर जागेचे नाव पुढे टाका. ती जागा सापडते का, पाहा. तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांची अशी यादी करा, स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, कंपनीला लेखी विचारा, प्रत जिल्हा कौशल्य विकास व रोजगार कार्यालयाला द्या. संगणक शिकलेली आपली पोरे एका रविवारी एवढे करू शकतात. पुढच्या सभेत घोषणांसोबत ही यादीही टेबलावर असू द्या.

जय भीम.