टाचणीखालची चिठ्ठी

संग्रहालयातील फुलपाखरांचे छायाचित्र आम्ही वर्गात दाखविले, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे पंचशीलात बसते का?" प्रश्न रास्त होता. छातीतून आरपार टाचणी, पंख ताणून वाळविलेले. हा प्राणिवध आहे, हे आम्ही मान्य केले. तरीही जमा झालेले नमुने टाकून द्यावेत, असे आम्हांस वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कोणती जात कोठे उडत होती, याचा तो पुरावा आहे. आणि पुराव्याची किंमत इतिहासाच्या शिक्षकाने सांगावयाची नाही, तर कोणी?

मात्र हा पुरावा फुलपाखराइतकाच त्याच टाचणीत ओवलेल्या चिठ्ठीत असतो. स्थळ, तारीख, संग्राहकाचे नाव. चिठ्ठी हरवली की उरते ती शोभेची वस्तू. आमची तक्रार या चिठ्ठीविषयीच आहे.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५४ ते १८६२ मलाय द्वीपसमूहात हिंडला आणि सव्वा लाखाहून अधिक नमुने घेऊन परतला. १८५९ साली बाचान बेटावर सोनेरी-नारिंगी पंखांचे एक भव्य फुलपाखरू त्याच्या हाती लागले. त्या आनंदाने उरलेला दिवस आपले डोके दुखत राहिले, असे त्याने लिहून ठेवले आहे! त्याने त्यास नाव दिले क्रीसस, म्हणजे लिडियाचा धनाढ्य राजा. पुढे त्याने कामावर ठेवलेल्या लाही नावाच्या माणसाच्या हाती जाळे दिले. लाही ओढ्याकडे जाऊन फुलपाखरे धरून आणू लागला व नमुन्यांची संख्या शंभराच्या घरात गेली. शास्त्रीय नावापुढे मात्र 'वॉलेस, १८५९' एवढेच लागते, आणि सारा संग्रह वॉलेसचा म्हणून ओळखला जातो.

वॉलेसवर आमचा राग नाही. पैशाअभावी त्याची स्वतःची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती. लाहीचे, आणि वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या सारावाकच्या अलीचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, ते त्यानेच आपल्या ग्रंथात लिहिले म्हणून. इतर कितीकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. नाव कोरले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे नसती, तर १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे उभे राहून कोणता दाखला दिला असता?

म्हणून आमची सूचना अशी, की आपल्या विद्यालयाने जाळे आणि टाचणी न घेता फुलपाखरांची एक नोंदवही सुरू करावी. तारीख लिहावी, झाड लिहावे. पण पहिला रकाना 'प्रथम कोणी पाहिले' हा असावा. तो केवळ विद्यार्थ्यांपुरता नको. माळीदादांचे आणि स्वयंपाकघरातील मावशींचे नावही त्यात पूर्ण, आडनावासह यावे. कढीपत्त्यावरच्या अळ्या आमच्याआधी मावशींनाच दिसतात.