अस्थींना नाव मिळावे म्हणून

ज्याचा देह हाती लागला नाही, अशा व्यक्तीसाठी आपल्या शास्त्रकारांनी पालाशविधी सांगून ठेवला आहे. बारा वर्षे वार्ता लागली नाही, तर पळसाची प्रतिमा करून तिचे दहन करावे आणि मग उत्तरक्रिया, अशी व्यवस्था. आजचा कायदा सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरतो. घरातली आई मात्र ना शास्त्राचे ऐकते ना कायद्याचे. दाराची कडी वाजली की तीच आधी उठते.

या वेदनेला विज्ञानाने काय उत्तर दिले, हे बोस्नियात पाहावयास मिळते. १९९२ ते १९९५ या काळातील युद्धात तेथे तीस हजारांहून अधिक माणसे बेपत्ता झाली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे बोस्नियन सर्ब सैन्याने सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष व मुलांची हत्या केली. पुरावा नष्ट व्हावा म्हणून नंतर यंत्रे लावून थडगी उकरली आणि अवशेष दूरवर नेऊन पुन्हा पुरले. परिणामी एकाच माणसाच्या अस्थी दोन-तीन ठिकाणी विखुरल्या. कपड्यांवरून ओळख पटवणे अशक्यच होते. १९९६ मध्ये ल्यों येथील शिखर परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोगाने मग उलटा मार्ग धरला. प्रथम नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेतले आणि त्यांच्याशी प्रत्येक अस्थीचा डीएनए ताडून पाहिला. स्रेब्रेनित्साच्या सात हजारांच्या आसपास मृतांना अशा रीतीने नाव परत मिळाले. सर्ब आणि क्रोएट मृतांसाठीही पद्धत हीच होती. मृताचा पंथ कोणता, हा प्रश्न प्रयोगशाळेत गैरलागू असतो, आणि तसेच असावयास हवे.

आपणही हे करू शकतो, याचा पुरावा मोसुलने दिला. जून २०१४ मध्ये इसिसने तेथे ओलीस धरलेल्या भारतीय कामगारांपैकी ३९ जणांचा पत्ता लागेना. ते बहुतांश पंजाबचे. पुढे शहर मुक्त झाल्यावर बदूशच्या टेकडीखाली रडारने शोध घेतला, तेव्हा पुरलेले मृतदेह आढळले. लांब केस, हातातले कडे अशा खुणा होत्याच. पण सरकारने केवळ त्यांवर विसंबून न राहता कुटुंबीयांचे डीएनए नमुने बगदादला पाठविले. ते जुळल्यावरच २० मार्च २०१८ रोजी सुषमा स्वराज यांनी संसदेत निवेदन केले. पुराव्यावाचून कोणालाही मृत म्हणणार नाही, या त्यांच्या भूमिकेवर त्या काळात टीकाही पुष्कळ झाली. ती भूमिका योग्यच होती.

मग १९७१ च्या युद्धातील आपल्या ५४ जवानांचे काय? त्र्याण्णव हजार पाकिस्तानी युद्धकैदी आपण सुखरूप परत पाठविले. आपले कोणी आमच्याकडे नाहीत, हे पाकिस्तानचे पालुपद मात्र आजतागायत कायम आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्या पत्नी, बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या व अर्जुन पुरस्कारप्राप्त दमयंती तांबे यांनी या प्रश्नासाठी उभे आयुष्य वेचले. २००७ मध्ये नातेवाइकांचे शिष्टमंडळ पाकिस्तानी तुरुंग पाहून आले, रिकाम्या हातांनी.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धातील आपल्या वैमानिकांच्या अस्थींसाठी आमच्याच अरुणाचलच्या डोंगरांत पथके धाडते. आम्ही साधी पूर्वतयारीही केलेली नाही. बेपत्ता व्यक्ती व अनोळखी मृतदेह यांच्यासाठी डीएनए सूची असावी, अशी तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले. गुन्हेगारांच्या नोंदींसंबंधी खासगीपणाचे आक्षेप रास्त असतील. पण त्यापायी स्वेच्छेने रक्त देऊ इच्छिणाऱ्या मातापित्यांची सोय का अडावी? ती तरतूद वेगळी काढून मंजूर करता येईल. निदान त्या ५४ घरांतील हयात भावंडांचे व मुलांचे नमुने तरी संरक्षण मंत्रालयाने याच वर्षी घेऊन ठेवावेत. त्यांचे आईवडील बहुतेक गेले. भावंडेही आता सत्तरी-ऐंशीत आहेत.